मदत हवी आहे: २०० काडतुसं उरलीत, मॅच २४ दिवसांवर, सराव कसा करू?

मध्यबिंदू
नमस्कार. जरा लवकर उत्तर द्या. माझ्याकडे २०० काडतुसं उरली आहेत. नवी कधी मिळतील याचा भरवसा नाही, आणि मिळाली तरी जुन्या भावात मिळणार नाहीत. रोज ८ झाडायची असा हिशोब केलाय, पण आठ गोळ्यांत हातसुद्धा बसत नाही. परवा रॅपिडमध्ये (दिवा लागला की झटपट मारायची फेरी) सगळ्या गोळ्या खाली डावीकडे गेल्या आणि ते सुधारायला गोळ्याच नाहीत. टंचाईत सराव केलेल्यांनी सांगा. 'आणखी काडतुसं घे' हा सल्ला नको.

फॉलोथ्रू
रायफल की पिस्तूल? किती मीटर? उजव्या हाताने की डाव्या? हे कळल्याशिवाय 'खाली डावीकडे' याला काही अर्थ नाही.

पितळी_पुंगळी
रिकाम्या पुंगळ्या फेकू नका. नवं प्रायमर (ठिणगी देणारी टिकली), दारू आणि बुलेट बसवून पुन्हा भरा. मी सेंटरफायर (पुंगळीच्या मध्यभागी प्रायमर असलेल्या) रायफलसाठी कित्येक वर्षं हेच करतोय. आधी पुंगळी साफ करायची, मग डायमधून काढायची...

फॉलोथ्रू
पुंगळी, त्यांनी अजून कॅलिबरही सांगितलेलं नाही हो. रिमफायर असेल तर तुमचं सगळं बाद. त्यात प्रायमर वेगळं नसतंच, मसाला कडेच्या घडीत भरलेला असतो आणि पिन लागली की ती कड चेपते.

मध्यबिंदू
रॅपिड म्हटलं म्हणून कळेल असं वाटलं. .२२ रिमफायर, २५ मीटर, स्पोर्ट्स पिस्तूल. उजवा हात. प्रिसिजन (सावकाश नेम धरून मारायची फेरी) ठीक चाललंय, बिघडतं ते रॅपिडमध्ये.

शांत_श्वास
मग ड्राय करा, भाऊ, म्हणजे गोळीशिवाय, रिकाम्या पिस्तुलाने सराव. रोज पाऊण तास. आणि रॅपिडला तर ड्रायसारखं दुसरं काही नाही. ३ सेकंद हिरवा, ७ सेकंद लाल, आणि एका हिरव्यात एकच गोळी. म्हणजे दर शॉटनंतर पुन्हा कॉक करायला (ट्रिगर पुढच्या शॉटसाठी तयार करायला) ७ सेकंद आपोआप मिळतात. हात ४५ अंशांत खाली, दिवा लागला की वर, साईट (नळीवरची नेम धरायची खूण) बसता बसता ट्रिगर दाबत न्यायचा. टायमरचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. भिंत ५ मीटरवर असेल तर लक्ष्यही पाचपट लहान करा. रॅपिडचं काळं वर्तुळ ५०० मिमीचं असतं, ते १०० मिमीचं काढा. पिस्तूल वर येताना वर्तुळ जितकं मोठं दिसायला हवं तितकंच दिसेल.
त्याआधी मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. काडतुसं त्या खोलीत नकोतच, दुसऱ्या खोलीत कुलपात. आणि भिंतीपलीकडे कोणी राहत नाही अशीच भिंत निवडा. यात सवलत घेऊ नका.

मध्यबिंदू
मी ताई आहे. ड्राय करतेच, रोज वीस मिनिटं. ते लिहायचं राहिलं.

जुनी_रेंज
थांबा. .२२ कोरडं मारू नका. पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते. माझ्या पहिल्या पिस्तुलाची कड अशीच दबली, मग पुंगळ्या अडकायला लागल्या. दुरुस्तीत हंगाम गेला. हा सल्ला देणाऱ्यांचा मला रागच येतो.

शांत_श्वास
जुन्या पिस्तुलांबद्दल तुमचं बरोबर आहे. पण हल्लीच्या बऱ्याच टार्गेट पिस्तुलांत ड्रायची वेगळी सोय असते, ट्रिगर सुटल्यासारखा वाटतो पण पिन पुढे जात नाही. ताई, मॅन्युअल बघा. सोय नसेल तर .२२ची प्लॅस्टिकची डमी (खोटं काडतूस) घाला आणि चेपली की बदला.

जुनी_रेंज
मान्य. पण 'ड्राय करा' म्हणताना हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

पेलेटवाला
ताई, सरळ एअर पिस्तूल घ्या हाती. ४.५ मिमीचं पेलेट .२२च्या तुलनेत फारच स्वस्त पडतं. पेलेट नळीतून सावकाश बाहेर पडतं, म्हणून फॉलोथ्रूमधली (गोळी सुटल्यावरही नेम धरून ठेवण्यातली) चूक लपत नाही. १० मीटरवर रोज ६० मारा, काडतुसांना हात लावू नका.

फॉलोथ्रू
होल्डसाठी (हात स्थिर धरण्यासाठी) चांगलं आहे. पण २५ मीटरला ट्रिगर (दाबायला लागणारं वजन) किमान १००० ग्रॅम लागतो, एअरला ५०० ग्रॅम. साडेतीन आठवडे अर्ध्या वजनावर बोट फिरवून मॅचला गेल्या तर हिरव्या दिव्यात त्या झटका देणारच. करायचं तर एअरचा ट्रिगर जड करून घ्या.

चष्मा_बदला
मला एक वेगळंच सुचतंय. पुढची साईट धारदार दिसते का? चाळिशीनंतर माझी धूसर व्हायला लागली आणि मी वर्षभर उगाच ट्रिगरला दोष देत बसलो. नेमबाजीचा चष्मा साईटच्या अंतराचा लागतो, लक्ष्याच्या नाही.

मध्यबिंदू
नजर ठीक आहे, आत्ताच तपासली. प्रिसिजन नीट जातंय म्हटलं ना. कृपया रॅपिडवर बोला.

फॉलोथ्रू
एकच विचारतो. मॅचची काडतुसं या २०० मधलीच का?

मध्यबिंदू
हो, त्यातलीच. दुसरी कुठून आणू?

फॉलोथ्रू
मग हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. मॅचला प्रिसिजनच्या ३०, रॅपिडच्या ३०, आणि दोन्हींआधी साईटिंगच्या (नेम जुळवून बघायच्या) ५-५. झाल्या ७०. त्या आजच बाजूला काढा, सगळ्या एकाच लॉटच्या. पाच जादा ठेवा, एखादी वाजत नाही. तुमच्याकडे सरावाला १२५च आहेत, रोज ८ नाही.
आता खाली डावीकडचं. उजव्या हाताचा नेमबाज असला की बहुतेक वेळा आवाजाआधीच मनगट खाली जातं, किंवा ट्रिगरबरोबर सगळी मूठ आवळली जाते. ड्रायमध्ये ते दिसत नाही, कारण धक्का येणार नाही हे हाताला माहीत असतं. म्हणून रेंजवर कोणाला तरी मॅगझिन भरायला सांगा. ५ मध्ये २ डमी, कुठे ते तुम्हाला कळू द्यायचं नाही. डमीवर नळी खाली गेली तर रोग सापडला. आणि नळी गेलीच तर लगेच गोळी मारून बघायची नाही, आधी दहा ड्राय, मग पुढची. रोज आठ उडवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा जा आणि दर वेळी १८ जिवंत मारा.

जुनी_रेंज
यात मीही भर घालतो. डमीवर आवाज आला नाही की खरी न वाजलेली आणि डमी यांतला फरक लगेच कळत नाही. नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. घाईत असता तेव्हाच हे विसरतं.

पितळी_पुंगळी
रिमफायरचं चुकलं माझं. पण कोणाला सेंटरफायरचं हवं असेल तर वेगळा धागा काढतो.

मध्यबिंदू
आज करून आले. मैत्रिणीने मॅगझिन भरलं. १८ जिवंत, १२ डमी. बारापैकी नऊ डमींवर नळी खाली गेली, तिने मोबाईलवर धरलंय. मी तीन महिने साईट फिरवत होते! साईटचे क्लिक पुन्हा पूर्वीच्या जागी आणलेत. ७५ काडतुसं घरच्यांकडे कुलपात दिली आहेत, मी मागितली तरी देऊ नका म्हणून सांगितलंय.
शांत_श्वास, ते १०० मिमीचं वर्तुळ भिंतीवर किती उंचीवर लावायचं? रेंजइतकंच, १४० सेंटीमीटर?

शांत_श्वास
तुमचे डोळे १४० च्या वर असतील तर नाही. अंतर पाचपट कमी झालं, म्हणजे डोळ्यांपासूनचा उतारही पाचपट कमी. डोळे १५५ वर असतील तर फरक १५, त्याचा पाचवा भाग ३. मध्य १५२ वर लावा.