'मुक्त' की 'खुली'?

गोदाकाठ: आमच्या विद्यापीठाच्या धोरणाचा मसुदा मराठीत करतोय. 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस'ला मी 'मुक्त शैक्षणिक संसाधने' लिहिलं. विभागातल्या बाईंनी वाचून लगेच विचारलं, "मुक्त विद्यापीठाचं साहित्य आपण का वापरायचं?" नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, त्यामुळे आपल्याकडे 'मुक्त' म्हटलं की दूरशिक्षणच डोळ्यांपुढे येतं. इथे अभिप्रेत आहे ते वेगळं: कुणीही घ्यावं, बदलावं, पुढे वाटावं. शब्द सुचवा.

चिकूची आई: 'खुली' लिहा की. सरळ आहे.

रानवारा: प्रवेशाच्या यादीत 'खुला' म्हणजे खुला प्रवर्ग. विद्यापीठाच्या कागदावर तर तोच अर्थ आधी लागेल.

चिकूची आई: 'खुलं पत्र', 'खुलं अधिवेशन' म्हणतोच ना? संदर्भावरून कळतं.

मास्तर: काहीही करा, 'मोफत' लिहू नका. मोफत पीडीएफ ढिगानं मिळतात, पण त्यांना हात लावता येत नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या पाठ्यपुस्तक प्रकल्पाचं पुस्तक घेतलं, डॉलरमधली उदाहरणं काढून लासलगावचे कांद्याचे भाव घातले, खाली मूळ श्रेय आणि वापराची मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहिला आणि धडा मूडलवर, म्हणजे आमच्या ऑनलाइन वर्गात, टाकला. ही मुभाच यातली खरी गोष्ट. युनेस्कोच्या बैठकीत 2002 साली 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' ही संज्ञा पुढे आली तीही त्यासाठीच.

अक्षरवेल: 'मुक्त'च ठेवा. 'मोफत'सुद्धा 'मुक्त'चाच अपभ्रंश आहे.

रानवारा: नाही हो. 'मोफत' फारसी 'मुफ्त'वरून आला. उच्चार जवळचा, नातं काही नाही.

अक्षरवेल: बरं. पण आमच्या गावी सप्ताहाच्या शेवटी 'मुक्तद्वार' असायचं. येईल त्याला पान. एवढा मोठ्या मनाचा शब्द दूरशिक्षणाला आंदण का द्यायचा?

देवळीतला: मला 'संसाधन' जास्त खटकतं. हिंदीतून आलेला शब्द. दिल्लीच्या मानव संसाधन विकास मंत्रालयाचं नाव 2020 मध्ये बदलून शिक्षण मंत्रालय झालं, शब्द मात्र आपल्या गळ्यात राहिला. भूगोलात आपण 'नैसर्गिक साधनसंपत्ती' शिकलो. 'शैक्षणिक साधने' पुरे.

गोदाकाठ: 'साधने' म्हटलं की तक्ता, कंपास, प्रोजेक्टर. इथे धडे, व्हिडिओ, प्रश्नसंच आहेत.

चिकूची आई: मग 'शैक्षणिक साहित्य'.

रानवारा: 'शैक्षणिक साहित्याचे वाटप' अशी बातमी वाचा, वह्या आणि दप्तरं निघतील.

देवळीतला: आणि मास्तर, 'परवाना' कशाला? 'अनुज्ञप्ती' आहे ना.

मास्तर: कुठला विद्यार्थी 'अनुज्ञप्ती' म्हणतो?

देवळीतला: आरटीओत शिकाऊ अनुज्ञप्ती मिळते आणि रिक्षाला परवाना. लायसन्स वेगळं, परमिट वेगळं. मराठीत हा भेद आयता आहे, तो बुजवू नका.

मास्तर: भेद फॉर्मवर आहे, तोंडात नाही. पोरगं धडा उघडून पहिल्याच ओळीला अडखळलं तर कांद्याचे भाव घालून उपयोग काय? मी 'परवाना'च लिहिणार.

अक्षरवेल: 'परवानगी'ही फारसीच की. ती देवळीतल्यांना रोज चालते, मग 'परवाना' का नाही?