प्रतिसाद: टेट्रासायक्लिन ‘गेलं’, पण गेलं कुठे?

लोहाचा उत्प्रेरक टाकल्यावर पाण्यातलं टेट्रासायक्लिन (एक प्रतिजैविक) झपाट्याने कमी झालं, असं ज्या नोंदीला हा प्रतिसाद आहे तिच्यात म्हटलंय. पण ते विघटनामुळेच कशावरून? टेट्रासायक्लिन लोहाला घट्ट धरतं, कणांवर चिकटतं. पाण्यातून नाहीसं होतं आणि गाळात तसंच शाबूत राहतं. म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइड (विघटनासाठी लागणारं ऑक्सिडीकारक) न घालता नुसता उत्प्रेरक ३०-६० मिनिटं ढवळा. तेवढ्यानेच घट दिसली, तर ते अधिशोषण, म्हणजे नुसतं कणांवर चिकटणं.

फेंटनसाठी (लोह आणि पेरॉक्साइड मिळून विघटन करण्याची पद्धत) सुरुवातीचा अंदाज: १ लिटर पाण्यात २७८ मिग्रॅ फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट (१ मिलिमोल लोह), सामू सल्फ्युरिक आम्लाने ३ वर, मग ३०% हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण १ मिली (१० मिलिमोल), थोडंथोडं करून. एकदम ओतू नका, जास्तीचं पेरॉक्साइड हायड्रॉक्सिल मूलकंच (विघटन करणारे अतिक्रियाशील कण) खाऊन टाकतं. सामू ४ च्या वर सरकला की तांबूस गाळ बसतो आणि वेग मंदावतो.

सीओडी (पाण्यातल्या प्रदूषकांच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) मोजण्यापूर्वी उरलेलं पेरॉक्साइड नष्ट करा, नाहीतर आकडा फुगतो आणि प्रक्रियेने पाणी बिघडवलं असं वाटतं! (ही चूक फार होते.)

कोबाल्ट आणि पेरॉक्सिमोनोसल्फेट (पेरॉक्साइडऐवजी वापरायचं ऑक्सिडीकारक) ही जोडी उदासीन सामूलाही चालते, पण कोबाल्ट स्वतः विषारी. उत्प्रेरकातून धातू पाण्यात विरघळतोय का हे तपासायला मध्येच घन उत्प्रेरक गाळून काढा. गाळलेल्या पाण्यात विघटन तितक्याच जोमाने चालू राहिलं, तर काम बहुधा विरघळलेला धातू करतोय. आणि एचपीएलसीवरचं (रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र) टेट्रासायक्लिनचं शिखर गेलं म्हणजे रेणू खनिजरूप झाला, म्हणजे पार कार्बन डायऑक्साइड-पाण्यापर्यंत मोडला, असं नाही, टीओसीही (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) बघा.