मदत हवी आहे: दम्याच्या रुग्णांत मिर-१५५ उलटा येतोय

शेवटचंसेम: एमएस्सीचा प्रकल्प. सोमवारी सरांना निकाल दाखवायचे आहेत. वाचलेल्या सगळ्या पेपरांत दम्यात मिर-१५५ (मायक्रो-आरएनए, म्हणजे जनुकांना दाबणारा छोटा आरएनए) वाढलेला, माझ्याकडे रुग्णांत निम्म्याहून कमी. मिर-१४६ए पण कमी. क्यूपीसीआर (मिर किती आहे ते मोजायची चाचणी) तीनदा लावलं, तेच. कारण सांगा, लवकर प्लीज.

खडूफळा: कशातला मोजताय? रक्त, थुंकी, श्वासनलिकेच्या पेशी? रुग्ण स्टेरॉइडच्या पंपावर आहेत का?

शेवटचंसेम: सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव). १२ रुग्ण, १२ निरोगी. पंप बहुतेक सगळेच घेतात. त्याने काय होणार?

उंदीरवाला: १४६ए कमी येणं मला पटतंय. एनएफ-कप्पा-बी (दाह पेटवणारं प्रथिन) जागा झाला की तोच १४६ए बनवायला लावतो, आणि १४६ए ट्राफ-६ व आयरॅक-१ (त्याला जागं करणारी प्रथिनं) दाबून त्यालाच आवरतो. हा लगाम सैल पडला की दाह धुमसत राहतो. १५५ मात्र वाढायलाच हवा. तो सॉक्स-१ (दाह रोखणारं प्रथिन) दाबतो, म्हणजे ब्रेकच काढतो. १५५ नसलेल्या उंदरांना ॲलर्जन दिलं तर इओसिनोफिल (ॲलर्जीत जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी जमतात.

टीपेशी: अर्धंच सांगताय. २००७ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या कामात १५५ नसलेल्या उंदरांच्या टी पेशी टीएच-२कडे (ॲलर्जी वाढवणाऱ्या प्रकाराकडे) झुकल्या होत्या, त्याला चालना देणाऱ्या सी-मॅफ प्रथिनावरचा दाब उठल्यामुळे. मग कमी १५५ आणि दमा एकत्र का नसावेत?

उंदीरवाला: त्यांच्या फुप्फुसातले बदल ॲलर्जन न देता, आपोआप झालेले. दम्याचं मॉडेल वेगळं.

टीपेशी: माणसाचा दमा तरी कुठे एका मॉडेलात बसतो?

साताऱ्याचीआई: माझ्या मुलाला ८ वर्षं दमा आहे. पंप स्पेसर लावूनच द्या, नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं. ही मिर चाचणी कुठे करून मिळते?

खडूफळा: ताई, दम्याच्या निदानासाठी ही चाचणी अजून वापरत नाहीत. मुलाच्या डॉक्टरांचंच ऐका. शेवटचंसेम, रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत मोजता तो मिर, कुठला घेतलाय?

शेवटचंसेम: मिर-१६. लॅबमध्ये सगळे तोच घेतात.

खडूफळा: रक्त कुणी, कुठे काढलं? सीरमचा रंग?

शेवटचंसेम: रुग्णांचं ओपीडीत काढलं, नळ्या दुपारी स्कूटरवरून आणल्या. निरोगी म्हणजे आमचाच वर्ग, इथेच काढलं. रुग्णांच्या काही नळ्या जरा गुलाबी होत्या, पाणी जास्त झालेल्या कोकम सरबतासारख्या. हे लिहायला हवं होतं का?

खडूफळा: हेच आधी लिहायला हवं होतं. मिर-१६ लाल पेशींत भरपूर असतो. पेशी फुटल्या की तो सीरममध्ये उतरतो आणि त्याचा सीटी (कितव्या सायकलला तो दिसतो तो आकडा; मिर जास्त तर सीटी कमी) खाली येतो. तुम्ही त्याच्याच तुलनेत मोजताय, म्हणून १५५, १४६ए सगळेच कमी दिसतात. दोन्ही गटांतले मिर-१६चे सीटी टाका.

शेवटचंसेम: सरासरी रुग्ण १७.८, निरोगी १९.९.

खडूफळा: दोन सायकल, म्हणजे चौपटीहून थोडा जास्त. तुमचा १५५ कदाचित वाढलेलाच असेल, पण या आकड्यांवरून तसंही लिहू नका. आधी प्रत्येक सीरमचं ४१४ नॅनोमीटरला शोषण बघा, फुटलेल्या लाल पेशींचं हिमोग्लोबिन तिथे दिसतं. मग मिर-२३एच्या (पेशी फुटल्याने फारसा न बदलणारा) सीटीतून मिर-४५१चा (लाल पेशींतला) वजा करा. फरक ७च्या वर गेला तर तो नमुना बाजूला ठेवा.

टीपेशी: आणि पंपाचा डोस प्रत्येकाचा नोंदवा. स्टेरॉइडनेही काही मिर हलतात.

उंदीरवाला: मान्य. मी रंग विचारायलाच हवा होता.

शेवटचंसेम: ४५१चे प्रायमर नाहीत, मागवते. आत्ता नॅनोड्रॉप (शोषण मोजायचं यंत्र) मोकळा होता, पहिल्या ५ रुग्णांचे लावले. चौघांत ४१४ला टोक स्पष्ट दिसतंय. सरांना रात्रीच फोन करते.