मदत हवी आहे : फौजदारी आणि सामाजिक न्यायाच्या पदवीबाबत
नमस्कार. माझ्या मुलीला बारावीनंतर कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या कैद्यांसाठी, काम करता येईल असे शिक्षण घ्यायचे आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून असे काम करतो, हे वाचल्यापासून तिचा निश्चय पक्का झाला आहे. तिने पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम निवडावा, की समाजकार्याची पदवी घेऊन पुढे गुन्हेगारीशास्त्राकडे वळावे? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम ४७९ मध्ये, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास, काही अपवाद वगळता, त्याच्या सुटकेची तरतूद आहे. परंतु ती कैद्यापर्यंत पोहोचवण्यासाठी कायद्याइतकीच माणसांची जाण लागते, असे मला मनापासून वाटते. कारागृहात किंवा विधी सेवा प्राधिकरणात काम केलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.