फायबरमध्ये कणाचा आकार सकाळ-दुपार का बदलतो?

पोकळ ऑप्टिकल फायबरमध्ये पाण्यातल्या बारीक कणांवर लेझर टाकून, कॅमेऱ्यात दिसणाऱ्या त्यांच्या थरथरीवरून सॉफ्टवेअर कणाचा आकार काढतं. तोच नमुना सकाळी १३० नॅनोमीटर आणि दुपारी १०० का दाखवतो, असा प्रश्न आला आहे. हा फरक लेझरचा नाही, तापमानाचा आहे. नाशिकच्या थंडीत सकाळी खोली १५ अंशांवर असली, तर पाण्याची विष्यंदिता (वाहण्याला होणारा विरोध) २५ अंशांपेक्षा सुमारे २८ टक्के जास्त. कण सावकाश थरथरतो आणि सॉफ्टवेअरमध्ये तापमान २५ भरलेलं असेल तर तो मोठा निघतो. थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा सेन्सर) फायबरला चिकटवूनच लावा, तोच आकडा भरा.

कॅमेऱ्यात कणांचे सगळे ठिपके एकाच दिशेला सरकत असतील तर पोकळ फायबरचं उघडं टोक सुकतंय. दोन्ही टोकं थेंबात बुडलेली हवीत.

गोदावरीचं पाणी मात्र ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढल्याशिवाय भरू नकाच! गाळाचा एक कण लखलखला की शेजारचे बारीक कण कॅमेऱ्याला दिसतच नाहीत.