गढूळ पांढरी वाइन: बिघडली की अशीच असते?

रामबागकर (इंदूर)
नमस्कार मंडळी. भाची फ्रान्समध्ये नांतला शिकते. सप्टेंबरात ती जवळच्या एका घरगुती द्राक्षमळ्यावर तोडणीला जात होती. मळा नवरा-बायको आणि मुलगा मिळून बघतात, बाहेरची माणसं फक्त तोडणीपुरती. दिवाळीला येताना तिने त्यांच्याकडच्या मस्काडे या पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलवर ‘सुर ली’ लिहिलंय. ती सांगते की ते लोक बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, वाइन गाळत नाहीत आणि वाइन टिकवायला घालतात ते सल्फर अगदी जेमतेम वापरतात.

काल एक उघडली. रंग किंचित गढूळ, जिभेवर बारीक चुरचुर, वास ताज्या पावाचा, तळाशी चकाकणारे कण. मेव्हणे म्हणाले, गेली कामातून, ओतून टाका. मला मात्र चव फार आवडली. ती खरंच बिघडलीय का? दुसरी बाटली भाचीच्या साखरपुड्यासाठी जूनपर्यंत ठेवायची आहे, आपल्या उन्हाळ्यात टिकेल? आणि काही घालायचंच नाही म्हटल्यावर त्या कुटुंबाचं काम वाचतं की वाढतं?

दिंडोरीची सून
काका, ओतू नका! माझं माहेर इंदूरचंच, तिळक नगर. सासरी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आणि लहानशी वायनरी आहे. शेनिन ब्लां द्राक्षाची पांढरी वाइन आम्ही याच पद्धतीने करतो, म्हणून सविस्तर लिहिते.

ते कण द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, निरुपद्रवी. मोठ्या वायनऱ्या वाइन शून्य अंशाच्या आसपास थंड करून ते आधीच काढून टाकतात. तसं केलं नाही, तर ते तुमच्या फ्रीजमध्ये तळाशी बसतात. ‘सुर ली’ म्हणजे गाळावर ठेवलेली. चुरचुरीचं कारण असं की ही वाइन हिवाळाभर यीस्टच्या गाळावरच ठेवून तिथूनच थेट बाटलीत भरतात, त्यामुळे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड थोडा आत राहतो. पावाचा वासही त्या गाळाचाच.

आता काम. वाढतं, काका, आणि सगळ्यात जास्त बागेत. पांढऱ्या वाइनसाठी रस सालींपासून लगेच वेगळा करतात. लाल वाइनला सालीतलं टॅनिन (तुरट द्रव्य) हवेपासून सांभाळतं, पांढरीकडे ते जवळजवळ नसतंच. त्यात सल्फर कमी करायचं, म्हणजे आधीची प्रत्येक पायरी चोख हवी. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी आला की केवडा, मग भुरी, हे बुरशीचे रोग. घडात सडके मणी राहिले तर वायनरीत काही न घालण्याचा हट्ट धरता येत नाही. फेब्रुवारीत आम्ही पहाटे तोडणीला लागतो आणि ऊन चढायच्या आत संपवतो. प्रत्येक घड फिरवून बघूनच क्रेटमध्ये जातो. आंबटपणा उतरायच्या आत तोडावं लागतं, कारण आंबटपणा उतरला की पीएचचा आकडा चढतो, आणि पीएच ३.२ असताना जितकं मुक्त सल्फर पुरतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट ३.५ ला लागतं. आमच्या भागातल्या उन्हात ही वेळ हातची जायला दोन-चार दिवस पुरतात.

यीस्ट विकत आणत नाही, पण नशिबावरही सोडत नाही. मुख्य तोडणीच्या आठवडाभर आधी वेगवेगळ्या ओळींतले थोडे घड चिरडून बादल्यांत ठेवतो. जिचा वास स्वच्छ आणि फेस जोमदार, ती बादली विरजणासारखी टाकीत जाते. व्हिनेगरचा जरासा जरी वास आला तरी ती बादली फेकायची. हा निर्णय सासूबाई घेतात. त्यांच्या नाकावर माझा प्रयोगशाळेच्या रिपोर्टइतकाच विश्वास आहे. पुढे टाकी थंड ठेवणं, काठोकाठ भरलेली ठेवणं, आणि नळ्या, झडपा, पंप धुणं. धुणं तर संपतच नाही. नीट न धुतलेल्या टाकीतली आंबट वाइन ‘नैसर्गिक’ म्हणून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दांडिया बाजार, बडोदा
आमच्याकडे दारूबंदी, त्यामुळे चवीवर काही बोलत नाही. सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, तेवढ्यापुरती भर घालते.

रानटी यीस्ट आंबवायला सुरुवात करतात. अल्कोहोल चढू लागलं की त्यातले बरेचसे मागे पडतात आणि सॅकरोमायसीस सेरेव्हिसी हे यीस्ट शेवटपर्यंत काम करतं. खरी जोखीम नंतर असते. साखर किंवा द्राक्षातलं मॅलिक आम्ल शिल्लक राहिलं आणि गाळण केली नसेल, तर यीस्ट किंवा जिवाणू बाटलीतच पुन्हा कामाला लागतात. ओळखायचं असं: तुमची चुरचुर ग्लास फिरवल्यावर थोड्या वेळात ओसरेल. बूच काढताच फेस उसळला, व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला, तर मेव्हण्यांचं ऐका.

सल्फाइट (वर ज्याला सल्फर म्हटलंय तेच) पूर्ण शून्य सहसा नसतं, यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं. युरोपात लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लेबलवर लिहावं लागतं. साध्या कोरड्या पांढऱ्या वाइनला २०० पर्यंत मुभा आहे, तर फ्रान्समध्ये २०२० पासून मिळणाऱ्या ‘वँ मेथोद नातूर’ चिन्हासाठी कमाल ३०. घरात कुणाला दमा असेल तर लेबल बघूनच द्या.

रामबागकर (इंदूर)
दोघींचे मनापासून आभार. चुरचुर खरंच ओसरली, वासही चांगलाच आहे. आता आई विचारतेय, ही शाकाहारी का? तिला घोटभर चाखायची आहे.

दिंडोरीची सून
आजींचा प्रश्न रास्त आहे. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरतात, आणि बाटलीत बघून ते कळत नाही. पुष्कळ जण पांढऱ्या वाइनला बेंटोनाइट माती वापरतात, ती चालेल. तुमच्या बाटलीतला गढूळपणा पाहता बहुधा यातलं काहीच घातलं नसावं, पण भाचीला त्या कुटुंबाला थेट विचारायला सांगा. एवढ्या मेहनतीने वाइन करणारे लोक आनंदाने सांगतात.

दुसरी बाटली मार्च लागायच्या आत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, दारात नको. कपाटात ठेवलीत तर मे महिन्यात ती उष्णतेनेच जाईल. बूच असेल तर आडवी ठेवा, आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी उभी करा, म्हणजे कण तळाशी बसतील. उघडलेली मात्र एक-दोन दिवसांत संपवा.