मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला चालली आहे. तिथल्या गुन्ह्यांचे आकडे वाचून धास्ती बसली आहे

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. मी कराडचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. धाकट्या मुलीला सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात निघायचंय. आनंद आहेच, पण भाच्याने परवा एक तक्ता पाठवला आणि तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. त्या शहरात चोऱ्या-घरफोड्यांचं प्रमाण अमेरिकेच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे म्हणे. घरटी उत्पन्न देशाच्या जवळजवळ दुप्पट असलेलं शहर, मग असं कसं? मुलीला विचारलं तर म्हणते, "बाबा, काही होत नाही हो." मला तेवढ्यावर समाधान नाही. जे तिथे राहतात त्यांनी खरं काय ते सांगावं. तिची आई विचारतेय, गळ्यात चेन घालून बाहेर पडता येतं का?

सनसेटवाली
काका, नमस्कार. मी १९ वर्षं याच शहरात आहे, पश्चिमेकडच्या सनसेट भागात. माझी मुलं इथेच लहानाची मोठी झाली. तुमच्या भाच्याचा तक्ता खोटा नाही, हे आधीच सांगते. "काही होत नाही" असं मी म्हणणार नाही, कारण आमच्या बाबतीत झालंय.

२०१७ चा उन्हाळा. आई-बाबा नाशिकहून आले होते. त्यांना पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स दाखवायला नेलं, गाडी रस्त्याच्या कडेला लावली. वीस मिनिटांत परत आलो तर मागच्या दाराची काच नाही. सीटवर, फुटपाथवर काचेचे चौकोनी खडे पसरलेले, खडीसाखर सांडावी तसे. बाबांची हातपिशवी गेली. तिच्यात पैसे नव्हते. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि आईची जपाची माळ. आई वाकून ते खडे गोळा करायला लागली, कुणाच्या पायात जातील म्हणून. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या वर्षी शहरात अशा गाड्या फोडण्याच्या ३१ हजारांहून जास्त नोंदी झाल्या. तक्त्यातली "दुप्पट" बरीचशी इथून येते. हे प्रमाण म्हणजे अपूर्णांक, अंशात गुन्हे आणि छेदात लोकसंख्या. आता ते दोन्ही वेगवेगळे बघा. छेदात फक्त इथे राहणारे, साधारण सव्वाआठ लाख. पण वर्षाला दोन कोटींच्या वर पाहुणे येतात, बरेचसे भाड्याच्या गाडीत बॅगा ठेवून. त्यांची काच फुटली की ती अंशात धरली जाते, ते स्वतः छेदात कुठेच नसतात. फिशरमन्स वॉर्फ, अलामो स्क्वेअर, ट्विन पीक्स ही सगळी पर्यटकांची ठिकाणं, आणि चोराला तिथेच हात मारायला सोपं.

शिवाय काच फुटली की विम्यासाठी लोक पोलिसांकडे ऑनलाइन नोंद करतात. मीही केली. एरवी अमेरिकेत मालमत्तेच्या तीन गुन्ह्यांतला जेमतेम एक पोलिसांपर्यंत पोचतो, असं तिथल्या सरकारचंच घरोघरचं सर्वेक्षण सांगतं. म्हणजे ज्या देशाच्या सरासरीशी आपण तुलना करतोय, तीच अर्धवट आहे.

जिवाच्या भीतीचं म्हणाल तर खुनांचा आकडा बघा. २०२३ मध्ये ते पन्नासच्या वर होते, २०२४ मध्ये ३५, तोवरच्या साठ वर्षांतले सर्वांत कमी. लाखामागे चारच्या थोडं वर, आणि देशाचा त्या वर्षीचा आकडा पाचच्या आसपास. त्याच वर्षी गाड्या फोडण्याचं प्रमाणही निम्म्याहून खाली आलं. पोलिसांनी चोरांना पकडण्यासाठी आमिष म्हणून गाड्या उभ्या केल्या, चौकाचौकांत नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसवले. आमच्या गल्लीत रोज सकाळी काच झाडावी लागायची, ते आता दिसत नाही.

पण एक गोष्ट मला मनापासून लागते. २०२३ मध्ये या शहरात ८०० हून अधिक माणसं अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेली, बहुतेक फेंटानिल या फार तीव्र वेदनाशामकाच्या नशेने. हे गुन्ह्यांच्या तक्त्यात येत नाही. टेंडरलॉइन भागात कामावर जाताना मी फुटपाथवर पडलेली माणसं पाहिली आहेत, आणि त्यांना वळसा घालून दप्तर पाठीवर घेतलेली मुलं शाळेत जाताना पाहिली आहेत. श्रीमंत शहराची सरासरी काढली की ती मुलं त्यात बुडून जातात. मुलीला सांगा, भीतीने नाही, पण तिथे रात्री एकटीने जाऊ नकोस. घर सनसेट, रिचमंड किंवा नो व्हॅलीकडे बघा.

दाव्यांचा_हिशेब
मी विम्यात काम करतो, सॅक्रामेंटोला. ताईंच्या म्हणण्याला एक जोड. कॅलिफोर्नियात गाडी फोडल्याचा गंभीर गुन्हा लावायचा तर गाडीचं दार कुलूपबंद होतं हे कोर्टात सिद्ध करावं लागायचं, नुसती फुटलेली काच पुरत नव्हती. समजा गाडी भाड्याने घेणारा जर्मनीचा पर्यटक, तो तोवर घरी गेलेला. साक्षीला येणार कोण? २०२४ मध्ये राज्यपाल न्यूसम यांनी सही केलेल्या कायद्याने ही पळवाट बंद झाली.

मुळा_मुठा
काका, पुण्याच्या आकड्यांशी मात्र ताडून बघू नका. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग राज्यांचा दर चालू वर्षाच्या अंदाजित लोकसंख्येवर काढतो आणि महानगरांचा २०११ च्या जनगणनेवर. २०२२ च्या अहवालातही पुण्याचे तेच साधारण ५० लाख. तेव्हापासून हिंजवडी, वाघोलीकडे किती माणूस आला, तो छेदात नाही. आणि एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सर्वांत गंभीर तेवढं एकच मोजतात.

कृष्णाकाठचा
सगळ्यांचे आभार. ताई, तुमच्या आईंचं वाचताना घरात सगळे गप्प झाले. त्या माळेचं पुढे काय झालं? आणि चेनचं राहिलं.

सनसेटवाली
माळ नाही मिळाली काका. बाबांनी पुढच्या वेळी त्र्यंबकेश्वरहून दुसरी आणली.
चेन खुशाल घालू दे, मी घालते. बसमध्ये दाराजवळ बसून फोन हातात धरू नये, गाडी सुटता सुटता हिसकावून उतरतात. भाड्याची गाडी घेतली तर सीटवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही, चार्जरची वायरसुद्धा. डिकीत टाकायचं ते निघण्याआधी घरीच टाकायचं, पोचल्यावर सगळ्यांदेखत नाही. आणि पहिल्या आठवड्यात तिला आमच्याकडे जेवायला पाठवा. निरोपात फोन नंबर देते.